जेम्सच्या डबीत पेन्सिल

नेरूळ, खारघर, उलवे, घणसोली. नवी मुंबईतला कुठलाही सेक्टर घ्या, तळमजल्यावरच्या एखाद्या घराच्या भिंतीवर छोटा भीम रंगवलेला दिसला की आत प्लेग्रुप आहे हे समजावं. नवं वर्ष सुरू व्हायच्या आधी त्याच भिंतीवर कागद लागतो, ‘शिक्षिका पाहिजेत’. मुलाखतीला आलेल्या बायकांना ‘या क्षेत्रात का यावंसं वाटलं?’ असं विचारलं की बहुतेकींचं उत्तर ठरलेलं असतं, ‘मला लहान मुलं खूप आवडतात.’

उत्तर खोटं नसतं, पण त्याने काही कळतही नाही. लहान मुलं आवडत नाहीत असं म्हणणारा माणूस विरळाच. मोठं कपाळ, मोठे डोळे, गुबगुबीत गाल असा चेहरा दिसला की आपण विरघळतो, हे कोनराड लोरेन्झ या प्राणिवर्तनाच्या अभ्यासकाने 1943 सालीच मांडून ठेवलं आहे. मांजराच्या पिल्लालाही आपण त्याच कारणाने भुलतो. वाशीहून कुर्ल्यापर्यंत समोरच्या बाकावरच्या बाळाशी खेळायला ही आवड पुरते. जूनच्या पहिल्या सोमवारी वीस मुलं एकदम ‘आई’ म्हणून टाहो फोडत असतात, दोघांची चड्डी ओली झालेली असते, एकाने डबा उपडा केलेला असतो आणि एक जण दाराची कडी काढायच्या बेतात असतो, तेव्हा ही आवड अर्ध्या तासात संपते. तरीही काही जणी दुसऱ्या दिवशी येतात आणि मग वीस-पंचवीस वर्षं येतच राहतात. त्यांना कशाने धरून ठेवलेलं असतं?

उत्तराच्या जवळ जायला एक खेळ सांगतो. घरात तीन वर्षांचं मूल असेल तर आजच करून पाहा.

जेम्सच्या गोळ्यांची रिकामी डबी घ्या. तिच्यात पेन्सिलीचे छोटे तुकडे भरा आणि झाकण लावा. मुलाला विचारा, आत काय आहे? ‘जेम्स!’ डबी उघडून दाखवा. मुलाचं तोंड जरा उतरेल. डबी पुन्हा बंद करा आणि विचारा, ‘मी उघडायच्या आधी तुला काय वाटलं होतं, आत काय आहे?’

तीन वर्षांचं मूल शांतपणे सांगतं, ‘पेन्सिल.’

अर्ध्या मिनिटापूर्वी ते ‘जेम्स’ म्हणून ओरडलेलं असतं. ते खोटं बोलत नाही, लाजतही नाही. आपल्याला आधी काही वेगळं वाटत होतं, हेच त्याच्या लेखी घडलेलं नसतं. आता विचारा, ‘आजोबा बाहेर बसलेत, त्यांनी डबी उघडलेली नाही. ते काय म्हणतील, आत काय आहे?’ पुन्हा तेच, ‘पेन्सिल.’ जे मला माहीत आहे ते जगाला माहीत आहे, असा त्याचा हिशेब असतो.

हाच खेळ साधारण साडेचार-पाच वर्षांच्या मुलाशी करा. ते आधी हसतं. मग म्हणतं, ‘आजोबा जेम्सच म्हणणार! त्यांना कुठे माहितीये!’ आणि लगेच आजोबांना फसवायला डबी घेऊन पळतं.

या दोन उत्तरांच्या मधल्या दीड-दोन वर्षांत बाहेरून दिसेल असं काही घडलेलं नसतं. उंची थोडी वाढते, शब्द वाढतात. आत मात्र एक मोठीच घटना घडते. दुसऱ्याच्या डोक्यात वेगळं मन आहे, आणि ते मन चुकूही शकतं, हे मुलाला उमगतं. योझेफ पेर्नर, हाइन्झ विमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात हे प्रयोग केले. मूल स्वतःचाही आधीचा समज विसरतं, हे ॲलिसन गॉपनिक आणि जॅनेट ॲस्टिंग्टन यांनी 1988 साली दाखवलं. पुढची कितीतरी कामं याच पायावर उभी राहतात: गुपित ठेवणं, वाढदिवसाला चकित करणं, मैत्रिणीला कशाने वाईट वाटेल हे आधीच ओळखणं. आणि हो, पटेल असं खोटं बोलणंही. पोराने पहिल्यांदा नीट जुळवून थाप मारली की आईबाप धास्तावतात. मुरलेल्या बाई मनातल्या मनात तारीख नोंदवतात.

आता गंमत अशी की ही घटना पाहायला नीट जागा फारच थोड्यांना मिळते. आई एकाच मुलाला रोज पाहते, म्हणून तिला बदल जाणवत नाही. संशोधक शंभर मुलं पाहतो, पण प्रत्येकाला पंधरा मिनिटं. बालवाडीच्या बाई वीस मुलांना जून ते एप्रिल रोज तीन-चार तास पाहतात, आणि तेही ती एकमेकांशी भांडत, वाटून घेत, फसवत असताना. जूनमध्ये ‘सॉरी बोल’ म्हटल्यावर भिंतीकडे बघत सॉरी म्हणणारा मुलगा फेब्रुवारीत, कुणी न सांगता, ढकलून पाडलेल्या मुलीजवळ जाऊन आपल्या डब्यातली पोळी पुढे करतो. मधल्या काळात काय शिजलं ते पाहणारं माणूस जगात एकच असतं. माझ्या मते लोक या कामाला चिकटतात ते यामुळे. मुलं आवडणं वेगळं, आणि माणसाचं मन डोळ्यांदेखत तयार होताना पाहायची चटक लागणं वेगळं.

बिस्किटाचंही तसंच. एका मुलाला दोन मिळाली, दुसऱ्याला एकच, रडारड सुरू. बाई त्या एकाच बिस्किटाचे दोन तुकडे करून हातावर ठेवतात आणि पोरगं खूश. झ्याँ पियाजे यांनी ज्या गोष्टीवर पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली, ती अंगणवाडीच्या सेविकेला खाऊच्या वेळेला तोंडपाठ असते: संख्या आणि प्रमाण यांची फारकत या वयात अजून झालेली नसते.

पण पाहणं हा कामाचा अर्धा भाग. उरलेला अर्धा असा की हे मन माणूस समोर असल्याशिवाय नीट घडतच नाही. याचा पुरावा आपल्या ‘ट’ आणि ‘त’ने दिला आहे.

जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडात 1984 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहा. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना त्यांनी हिंदीतले ‘ट’ आणि ‘त’ ऐकवले. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना हा फरक ऐकूच येत नाही, त्यांच्या कानाला दोन्ही एकच. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना मात्र तो कळत होता. दहा-बारा महिन्यांपर्यंत बहुतेकांच्या कानातून तो गेला. बाळ जन्मतं तेव्हा जगातल्या सगळ्या भाषांना कान उघडे असतात, आणि वर्षाच्या आत घरच्या भाषेपुरते ते घट्ट होतात.

मग प्रश्न आला की हे कान पुन्हा उघडता येतात का. सिएटलच्या पट्रिशिया कूल यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना मँडरिन चिनी ऐकवायचं ठरवलं. एका गटासमोर चिनी बोलणारी माणसं बसली, पुस्तकं दाखवली, खेळणी हलवली. पंचवीस-पंचवीस मिनिटांची बारा सत्रं. दुसऱ्या गटाला तीच माणसं, तेच बोलणं, पण टीव्हीवर. तिसऱ्या गटाला नुसता आवाज. 2003 साली निकाल छापून आले. माणसाजवळ बसलेली बाळं चिनी ध्वनी ओळखण्यात तैवानच्या बाळांच्या तोडीस तोड ठरली. टीव्हीवाली आणि नुसता आवाज ऐकणारी बाळं काहीच शिकली नाहीत. थोडंफारसुद्धा नाही.

सीवूड्सच्या मॉलमध्ये बाबागाडीला मोबाइल अडकवून इंग्रजी गाणी लावणाऱ्या पालकांना हा प्रयोग कुणीतरी सांगायला हवा. बाळ शिकतं ते समोरच्याच्या नजरेतून: ती कुठे वळते, आपण ‘बा’ म्हटल्यावर ती थांबते का, हसते का. बालवाडीच्या बाई म्हणजे हे उत्तर देणारं माणूस. म्हणूनच वर्गात वीस मुलं असणं आणि चाळीस असणं यात फरक पडतो. चाळिसांना उत्तर देणं कुणालाच जमत नाही.

आता आणखी एक कोडं. आपल्या मुलासाठी जीव टाकणं समजू शकतं. दुसऱ्याच्या मुलासाठी कुणी का टाकावा?

सारा ब्लॅफर हर्डी या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी याचं उत्तर 2009 सालच्या आपल्या पुस्तकात दिलं आहे. चिंपांझीची आई पहिले काही महिने पिल्लाला दुसऱ्या कुणाच्या हातात जाऊ देत नाही. माणसाचं बाळ मात्र जन्मापासून हातोहात फिरतं: आजी, मावशी, आत्या, थोरली बहीण, शेजारीण. माणसाचं मूल इतकं परावलंबी आणि इतकी वर्षं परावलंबी असतं की एकट्या आईच्या बळावर ते वाढवणं आपल्या पूर्वजांना परवडलंच नसतं. हर्डी यांचं म्हणणं असं की परक्या मुलाकडे लक्ष देणारी, त्याचं मन ओळखू पाहणारी माणसं होती म्हणून आपली जात टिकली. बालवाडीची नोकरी अलीकडची असली तरी त्यामागची ओढ फार जुनी आहे.

नवी मुंबईत ही गोष्ट उघडी दिसते. हे शहर वसवणाऱ्या सिडकोची स्थापना 1970 ची. तिने आगरी-कोळ्यांच्या गावांभोवती सेक्टर उभे केले. गावठाणात अजूनही मूल चार घरांत वाढतं. कोपरखैरणे-घणसोलीच्या माथाडी वसाहतींत आजी साताऱ्याहून येऊन-जाऊन असते. पण खारघरच्या अठराव्या मजल्यावर दोघंही नोकरी करणारे आईबाप आणि एक दोन वर्षांचं मूल, एवढंच कुटुंब. तिथे मावशी-आत्याची जागा पगारावर भरली जाते. तळमजल्यावरच्या त्या छोट्या भीमाच्या भिंतीआड हेच चाललेलं असतं.

याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, ज्यात नवी मुंबईचाही मोठा भाग येतो, या कामाला महाराष्ट्रात आकार आला. त्यामागची माणसं पाहिली की ‘या क्षेत्रात का आलात’ या प्रश्नाला किती वेगवेगळी उत्तरं असू शकतात ते कळतं.

गिजुभाई बधेका गुजरातचे, पेशाने वकील. 1913 साली मुलगा झाला आणि त्याला कसं शिकवावं या विचारात माँटेसरींची पुस्तकं हाती आली. वकिली सुटली, 1920 साली भावनगरला बालमंदिर निघालं. ताराबाई मोडक मुंबईच्या पदवीधर, राजकोटच्या स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य, पदरी लहान मुलगी. 1923 साली त्या चांगली नोकरी सोडून भावनगरला गिजुभाईंकडे गेल्या. 1926 साली दोघांनी नूतन बाल शिक्षण संघ काढला. म्हणजे या चळवळीची सुरुवात ‘माझ्या मुलाचं काय?’ या अगदी घरगुती काळजीतून झाली. यात कमीपणा काही नाही. आजही आपलं मूल नर्सरीत गेल्यावर कोर्स करून त्याच शाळेत शिकवायला लागलेल्या बायका नवी मुंबईत पैशाला पासरी आहेत.

ताराबाईंचं मोठेपण पुढच्या पायरीत आहे. दादरसारख्या ठिकाणी सुशिक्षितांच्या मुलांसाठी शाळा चालवून त्या थांबू शकल्या असत्या. 1945 साली, वयाच्या 53 व्या वर्षी, त्या बोर्डीला गेल्या आणि खेड्यातल्या, आदिवासी पाड्यांवरच्या मुलांसाठी बालवाडी सुरू केली. माँटेसरींची साधनं महाग, म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे, पानं, बांबू यांतून साधनं झाली. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. पुढे 1957 साली काम कोसबाडच्या टेकडीवर हललं. गुरं राखणारी मुलं तिथेही येऊ शकत नव्हती, तेव्हा कुरणशाळा निघाली, म्हणजे जिथे गुरं चरतात तिथेच शाळा. मूल येत नसेल तर चूक शाळेच्या जागेची, हा त्यांचा बाणा होता.

त्यांच्याबरोबर बोर्डीला गेल्या अनुताई वाघ. 1910 चा जन्म, तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांत वैधव्य. मग शिक्षण, नोकरी, पुण्याच्या हुजूरपागेत बरीच वर्षं शिकवणं. 1945 साली ताराबाईंना साथीदार हवी होती. पस्तिशीच्या अनुताई निघाल्या आणि 1992 साली जग सोडेपर्यंत त्याच कामात राहिल्या. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. हर्डींचं म्हणणं पटवायला कोसबाडइतकं चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

भारत सरकारची एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 ला 33 प्रकल्पांनी सुरू झाली. ताराबाई त्याआधी दोन वर्षं गेल्या होत्या. त्यांच्या बालवाडीने ज्या अंगणांची वाट धरली होती, त्या अंगणवाडीचं नाव मात्र देशभर गेलं.

आणखी एक धागा नवी मुंबईला थेट भिडतो. माँटेसरींचं पहिलं बालगृह 1907 साली रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत निघालं ते का? कामगारांसाठी नव्याने दुरुस्त केलेल्या चाळींच्या भिंती, आईबाप कामावर गेल्यावर मोकाट पोरं खराब करायची. मालक कंपनीला त्यांना कुठेतरी बसवून ठेवायचं होतं, एवढंच. पहिली शिकवणारी होती तिथल्या दरवानाची मुलगी. भिंती वाचवायला निघालेल्या त्या खोलीने जगभरच्या बालशिक्षणाची दिशा बदलली.

भिंती बांधणाऱ्यांच्या मुलांकडे लक्ष जायला आपल्याकडे 1969 उजाडलं. दिल्लीत गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचं बांधकाम चालू असताना मीरा महादेवन यांनी मजूर बायकांची मुलं धुळीत पडलेली पाहिली आणि तिथेच तंबूत पाळणाघर सुरू केलं. मोबाइल क्रेशेस ती हीच. 1972 साली काम मुंबईत आलं, आणि पुढे नवी मुंबईच्या बांधकामांवरही. टॉवर उभा राहिला की मजूर पुढच्या साइटवर जातात, पाळणाघरही हलतं. इथे मुलं मराठवाड्यातली, बिहारमधली, ओडिशातली. एका खोलीत चार भाषा. तुमचा ‘ट’ आणि ‘त’ इथे रोज पणाला लागतो. बांधकाम मजुरांसाठीच्या 1996 च्या कायद्याने पन्नासपेक्षा जास्त महिला मजूर असतील तिथे मुलांसाठी खोली देणं बंधनकारक केलं होतं. पन्नासच असतील तर नाही. कायदा करणाऱ्यांनी त्या पन्नास आयांच्या पोरांचं काय करायचं ठरवलं होतं, देव जाणे.

पैशाचं बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. अंगणवाडी सेविका मुलांना शिकवते, त्यांची वजनं घेते, लसीकरणाला बायकांना गोळा करते, आहार वाटते, नोंदवह्या लिहिते आणि उरल्यासुरल्या वेळात पोषण ट्रॅकर ॲप भरते. तरी ती सरकारी कर्मचारी नाही. तिला पगार नसतो, मानधन असतं. डिसेंबर 2023 पासून राज्यभरच्या सेविका-मदतनीस दीड महिन्याहून अधिक काळ संपावर होत्या, त्या याच मागण्यांसाठी. त्यांना ग्रॅच्युइटी मिळावी हे ठरायला सर्वोच्च न्यायालयाचा 25 एप्रिल 2022 चा निकाल यावा लागला, योजना सुरू झाल्यानंतर 46 वर्षांनी. खासगी प्लेग्रुपची गोष्ट फार वेगळी नाही. फी पालकांच्या खिशाला जड, बाईंचा पगार हलका.

आणि दरवेळी वर ऐकवतात की हे सेवेचं काम आहे, ममतेचं काम आहे. हे कौतुक मला संशयास्पद वाटतं. हृदयाच्या डॉक्टरला ‘तुम्हाला हृदयं आवडतात ना, मग फी कशाला’ असं कुणी म्हणत नाही. नव्या शैक्षणिक धोरणाने 2020 साली तीन ते आठ वर्षं हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला, हे चांगलंच झालं. पायाभूत म्हणायचं आणि सगळ्यात कमी पैसे त्याच मजल्यावर द्यायचे, हे किती दिवस चालणार?

साध्या कारणांनी या कामात येणाऱ्यांना कुणी नाकं मुरडू नयेत. शाळा घराजवळ आहे, दुपारी एकला सुटते, आपलं मूल त्याच आवारात असतं, दहा वर्षं घरी बसल्यावर पुन्हा कमवायला दुसरं दार उघडं नव्हतं: ही सगळी सरळ, प्रामाणिक कारणं आहेत. गिजुभाई तरी मुलाच्या काळजीनेच आले होते. आत कसे आलात याला फारसं महत्त्व नाही. जेम्सच्या डबीचं उत्तर बदललेलं पहिल्यांदा पाहाल, त्या दिवशी काय वाटतं, त्यावर पुढचं ठरतं.

तेव्हा यायचा विचार असेल तर आधी कोर्सची फी भरू नका. जवळच्या अंगणवाडीत किंवा बालवाडीत परवानगी काढून आठवडाभर सकाळी जाऊन बसा. सगळी मुलं पाहू नका, एकच निवडा, आणि घरी आल्यावर त्याने काय काय केलं ते वहीत लिहा. तिसऱ्या दिवशी लिहायला काही सुचत नसेल तर दुसरं काम शोधा, त्यात काही वावगं नाही. पाचव्या दिवशी पान पुरत नसेल तर खुशाल या. मुलाखतीत मात्र तीन प्रश्न तुम्हीही विचारा: वर्गात मुलं किती, हाताखाली मदतनीस आहे का, आणि मे महिन्याचा पगार मिळतो का. तिसरा विचारताना लाजू नका.